एकही ओरखडा नसलेलं विमान

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझे उड्डाणाचे दोनशेच्या आसपास तास झालेत, सगळे नोजव्हीलवर, म्हणजे तिसरं चाक नाकाखाली असलेल्या विमानांवर. आता एका मित्राबरोबर भागीदारीत दोन जागांचं, एका इंजिनाचं जुनं टेलव्हील विमान, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं, घ्यायचं ठरवलंय. शोधता शोधता दोन विमानांवर येऊन थांबलोय. पहिलं १९४६ चं सेस्ना १४०. रंग नवाकोरा, आतल्या गाद्या नव्या. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्याने बांधणी) होऊन वीस वर्षं झाली, पण त्यानंतर ते फक्त ३०० तास चाललंय. जुनी लॉगबुकं हरवली आहेत, पण विमानाला कधीच काही झालेलं नाही असं मालक म्हणतो. दुसरं सत्तरच्या दशकातलं सिटाब्रिया ७ईसीए, लाकडी स्पारचं, म्हणजे पंखातली मुख्य तुळई लाकडाची. रंग उडालाय. लॉगबुकात सरळ लिहिलंय की बारा वर्षांपूर्वी ग्राउंड लूप झाला आणि उजवा पंख दुरुस्त केला. किंमत साधारण सारखीच. मित्र म्हणतो, अपघात झालेलं विमान कशाला घ्यायचं? सेस्नाचा मालक आठवड्याभरात बयाणा मागतोय. आणखी एक, टेलव्हील आम्हा दोघांनाही येत नाही. विमान घेतलं की त्याच्यावरच शिकू, असा विचार आहे. काय करावं?"

उत्तर:

बयाणा देऊ नका. आठवड्याची मुदत ही विकणाऱ्याची सोय आहे. ऐंशीच्या घरात पोचलेलं विमान आणखी तीन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा, कारण पत्रातली खरी मेख तिथेच आहे. अपघात झालेलं विमान कशाला घ्यायचं, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण १९४६ सालचं टेलव्हील विमान आजवर किती जणांच्या हातांतून गेलं असेल याचा विचार करा. त्यातले कितीतरी शिकाऊ असणार. इतक्या वर्षांत ते एकदाही धावपट्टीवर गर्रकन फिरलं नाही, हे अशक्य नाही. मात्र तसं म्हणायला पहिल्या दिवसापासूनची सलग लॉगबुकं हातात हवीत. ज्याच्याकडे ती नाहीत तो "काही झालेलं नाही" असं म्हणूच शकत नाही. फार तर "मला माहीत नाही" म्हणू शकतो. जुन्या टेलव्हीलच्या मालकाला विचारायचं ते हे: काय झालं होतं, कुणी दुरुस्त केलं, कोणत्या पद्धतीने, आणि कागद कुठे आहे? तुमच्या सिटाब्रियाच्या मालकाने या प्रश्नांची निम्मी उत्तरं न विचारताच दिली आहेत. माझ्या लेखी ती त्या विमानाची जमेची बाजू आहे.

ग्राउंड लूप म्हणजे काय हे तुम्ही ऐकलं असेल, पण सगळे तास नोजव्हीलवर काढलेल्या माणसाला तो पायांत जाणवलेला नसतो. नोजव्हील विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे उतरताना थोडं तिरकं टेकलं तरी विमान आपोआप सरळ व्हायला बघतं. टेलव्हीलमध्ये तो मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा बाजूला गेलं की मागचं वजन पुढे यायला धडपडतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. हातगाडी ओढली तर निमूट मागे येते, ढकलायला लागलं की सतत हातांनी सांभाळावी लागते, तसलाच प्रकार. रडरने, म्हणजे पायांनी चालवायच्या शेपटीवरच्या सुकाणूने, वेळेवर रोखलं नाही तर विमान स्वतःभोवती फिरतं. फिरताना बाहेरच्या बाजूचा पंख खाली झुकतो, त्याचं टोक घासतं, आणि त्याच बाजूच्या चाकाच्या पायावर आडवा ताण येतो. प्रॉपेलर टेकला तर इंजिनालाही धक्का बसतो. खरेदीआधीच्या तपासणीत नेमक्या याच तीन ठिकाणी पाहायचं असतं: पंखाचं टोक आणि त्यामागचा स्पार, पाय जिथे सांगाड्याला जोडला आहे ती जागा, आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट.

यातला बराचसा भाग सरकारी अपघात-नोंदींत कधीच येत नाही, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. ही दोन्ही विमानं अमेरिकन बनावटीची आहेत. तिथल्या एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांत विमानाचं "भरीव नुकसान" ठरवताना लँडिंग गिअर, चाकं, टायर, ब्रेक, पंखाची टोकं आणि प्रॉपेलरला जमिनीवर झालेली इजा या गोष्टी मोजतच नाहीत. म्हणजे एखादं विमान फिरलं, पंखाचं टोक चेपलं, प्रॉप वाकला, कुणाला लागलं नाही, तर तो कायद्याने अपघात ठरेलच असं नाही. एनटीएसबीच्या यादीत, जी १९६२ पासूनची आहे, नंबर टाकून काहीच सापडलं नाही म्हणून विमान निष्कलंक ठरत नाही. लॉगबुक हाच काय तो पुरावा, आणि सेस्नाचा तो पुरावाच हरवलाय.

एक वाट मात्र मोकळी आहे. विमान कधीकाळी अमेरिकेत नोंदलेलं असेल, आणि या जातीचं बहुधा असतंच, तर एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक नियामक खातं, प्रत्येक विमानाची फाइल ओक्लाहोमा सिटीत ठेवतं आणि तिची प्रत मागवता येते. मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल झाला की फॉर्म ३३७ भरावा लागतो, आणि तो त्या फाइलमध्ये जाऊन बसतो. लॉगबुकं हरवली तरी ही फाइल हरवलेली नसते. दोन्ही विमानांच्या फाइली मागवा. सेस्नाच्या फाइलमध्ये "डावा पंख पुन्हा बांधला" असा एखादा ३३७ निघाला, तर "कधीच काही झालं नाही" या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. नोंदणी, मालकी आणि कर्जाचा बोजा याच फेरीत तपासून घ्या. विमानावर लावलेल्या पाटीवरचा सीरियल नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहा.

नवा रंग. विकायला काढलेल्या जुन्या विमानावरचा ताजा रंग पाहिला की मी आधी सावध होतो, कौतुक नंतर करतो. त्यात १९४६ चं सेस्ना १४०, म्हणजे धड धातूचं, पण पंखांवर कापड. (पूर्ण धातूचे पंख १४०ए या पुढच्या आवृत्तीत आले.) तेव्हा पहिला प्रश्न हा की रंग नवा आहे, पण त्याखालचं कापड कधीचं? सुती आहे की पॉलिएस्टर? सुती कापडाची ताकद नव्याच्या ७० टक्क्यांखाली उतरली की ते बाद धरतात. ती मोजायला कापडावर दाबून पाहायचं माउल टेस्टरसारखं साधं यंत्र असतं. पॉलिएस्टर कितीतरी जास्त टिकतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तेही मरतं. म्हणून त्याच्यावर आधी चंदेरी थर देतात. मेकॅनिकला तपासणीच्या झाकणांतून पंखात दिवा धरायला सांगा. बाहेरून उजेड झिरपताना दिसला तर तो थर पुरेसा नाही. जुन्या कापडावर नुसता नवा रंग चढवला असेल तर तो पैसा वाया गेलाच, वर वजनही वाढलं. दोन्ही पंखांना नवं कापड चढवणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे, आणि त्याचा खर्च विमानाच्या किमतीचा मोठा लचका तोडतो.

आता सेस्नाचे पाय. स्टीव्ह विटमन यांच्या कल्पनेवरून सेस्नाने घेतलेले हे स्प्रिंग-स्टीलचे पाय स्वतः सहसा मोडत नाहीत. आदळण्याचा सगळा ताण ते वर, धडाला जिथे जोडलेत त्या पेटीत नेऊन सोडतात. तिला गिअर बॉक्स म्हणतात. खालची फेरिंग (सांधा झाकणारं आवरण) आणि आतली फरशी काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही. तिथे पाहायचं ते असं: पत्र्याला सुरकुत्या, भोवती काळी पूड सुटलेले रिव्हेट, दाराच्या खांबापाशी चिरा, एका बाजूला नवे रिव्हेट आणि दुसऱ्या बाजूला जुने. शेवटचं सगळ्यात बोलकं. फक्त डाव्या बाजूचा पत्रा नवा असेल, तर डावीकडे काहीतरी झालं होतं, मालकाला माहीत असो वा नसो. मुख्य टायर एकसारखे झिजलेत का ते पाहा. मग विमान सपाट जमिनीवर उभं करून शेपटीच्या खांबापासून दोन्ही चाकांच्या आसापर्यंत फीत लावून अंतर मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि काही खर्च नाही, तरी ती फारसं कुणी करत नाही.

सुरुवातीच्या १४० मध्ये जोरात ब्रेक दाबला तर विमान नाकावर जायचं. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ मालकांनी चाकं थोडी पुढे सरकवणारे जोडतुकडे, व्हील एक्स्टेंडर, बसवले. पुढे सेस्नाने पायच पुढे झुकलेले केले. या विमानाला एक्स्टेंडर असतील तर गिअर बॉक्सकडे दुप्पट बारकाईने बघा, कारण त्यांनी पायाला पीळही जास्त बसतो. ब्रेक मूळचे गुडइयरचे आहेत की बदलून क्लीव्हलँडचे बसवलेत? गुडइयरचे असतील तर सुटे भाग शोधताना त्रास होईल. ते बदलायचा खर्च आत्ताच धरून ठेवा.

इंजिनाबद्दल तुम्ही ३०० तास हा आकडा अभिमानाने लिहिलाय. मला त्याच्या शेजारचा आकडा दिसतो: वीस वर्षं. वर्षाला पंधरा तास. पिस्टन इंजिनाला चालण्याने जेवढं झिजायला होत नाही तेवढं नुसतं उभं राहून होतं. तेल ओघळून जातं, आतल्या उघड्या पोलादावर दमट हवा बसते, गंज धरतो. सेस्नाच्या कॉन्टिनेंटल सी-८५ इंजिनाला दोन ओव्हरहॉलमधला पल्ला १८०० तासांचा दिलाय. पण कॉन्टिनेंटल आणि लायकॉमिंग हे इंजिन बनवणारे दोघंही तासांबरोबर १२ वर्षांची मर्यादा सुचवतात, आणि ती इथे केव्हाच उलटून गेली. खासगी वापरात ही मर्यादा पाळायची सक्ती सहसा नसते, म्हणून जाहिराती तिचं नावही काढत नाहीत. दोन्हींत एक फरक आहे. कॉन्टिनेंटलच्या या छोट्या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो, तेलाच्या जवळ. सिटाब्रियातल्या लायकॉमिंगमध्ये तो वर असतो. विमान उभं राहिलं की तोच आधी कोरडा पडतो आणि आधी गंजतो. म्हणून सिटाब्रियाचे गेल्या पाच वर्षांतले तास वर्षागणिक काढून बघा. दर वर्षी पन्नास-साठ तास उडालेलं, तासांनी जास्त वापरलेलं इंजिन मी अशा कमी तासांच्या इंजिनापेक्षा आधी घेईन.

दोन्ही इंजिनांची तपासणी गरम करून करा. काँप्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते, ८० पौंड दाबावर मोजतात. ६० च्या खाली गेलेला सिलिंडर दिसला की कारण शोधायला लागा, पण एका आकड्यावर इंजिन पास-नापास करू नका. बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या भिंती बघितल्या की काँप्रेशनपेक्षा जास्त कळतं. तेलाचा फिल्टर कापून पाहा. सी-८५ ला पुष्कळदा फिल्टर नसतोच, नुसती जाळी असते, ती काढून पाहा. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं) आयझेमन कंपनीचे निघाले तर त्यांचे भाग मिळणं कठीण.

लॉगबुकात प्रॉपेलर बदलल्याची ओळ सापडली तर तिच्या आसपासच्या ओळी नीट वाचा. प्रॉप बदलला, पण इंजिन उघडल्याचा उल्लेख नाही, असं असेल तर का बदलला ते विचारा. प्रॉप जमिनीला लागल्यावर क्रँकशाफ्टच्या मागचा गिअर, त्याचा बोल्ट आणि डॉवेल तपासणं लायकॉमिंगच्या इंजिनांना २००४ च्या एडीने, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने (एफएएच्या सुरक्षा-आदेशाने), बंधनकारक केलं. कॉन्टिनेंटलही अशा वेळी इंजिन पूर्ण उघडायला सांगतं. सिटाब्रियाच्या त्या ग्राउंड लूपमध्ये प्रॉप टेकला होता का? पत्रात तुम्ही फक्त पंखाचं लिहिलंय. विमानाच्या पानांवर नसेल तर इंजिनाच्या लॉगबुकात त्याच तारखेच्या पुढे पाहा. तिथे काहीच नसेल तर मालकाला सरळ विचारा. पंख घासण्याइतकं फिरलेलं विमान प्रॉप न टेकताही थांबू शकतं, हे खरं. पण हे उत्तर त्याने न अडखळता द्यायला हवं.

सिटाब्रियाचा लाकडी स्पार हा या खरेदीतला सगळ्यात नाजूक भाग. त्याबाबत मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. स्प्रूसचा स्पार चांगला सांभाळला तर कित्येक दशकं टिकतो. पण पंखाचं टोक जोरात आपटलं की लाकडात एक विशिष्ट प्रकारची चीर पडते. ती तंतूंना आडवी जाते, केसासारखी बारीक असते, आणि वॉर्निशखाली एखाद्या रेघेसारखी दिसते. तिला काँप्रेशन क्रॅक म्हणतात. ती बहुधा स्ट्रट, म्हणजे धडापासून पंखाला टेकू देणारी दांडी, जिथे जोडला आहे तिथल्या प्लायवुडच्या पट्टीच्या कडेला असते, कारण जाड भाग तिथे संपतो आणि वाकण्याचा ताण तिथेच गोळा होतो. या जातीच्या विमानांचे पंख हवेत मोडल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर एफएएने लाकडी स्पारच्या तपासणीचा एडी काढला, २००० सालचा. ठरावीक काळाने, आणि पंखाला मार बसला तर त्यानंतर पुन्हा, पंखातल्या झाकणांतून दिवा-आरसा किंवा बोअरस्कोप घालून स्पार पाहायचा असतो. तेव्हा या विमानाच्या लॉगबुकात मला तीन गोष्टी शोधायच्या आहेत. एक, दुरुस्तीत उजवा स्पार बदलला की जोडला, आणि त्याचा ३३७ कुठे आहे. दोन, ग्राउंड लूपनंतर डावा स्पारही कुणी पाहिला का. घासला उजवा, पण झटका दोन्ही पंखांना बसतो. आणि तीन, गेल्या बारा वर्षांत हा एडी दर वेळी सहीनिशी पूर्ण झाला का. तिन्ही उत्तरं कागदावर असतील, आणि तुमच्या मेकॅनिकने बोअरस्कोपने स्वतः पाहून होकार दिला, तर त्या पंखाबद्दल तुम्हाला जितकं ठाऊक असेल तितकं सेस्नाच्या कुठल्याच भागाबद्दल नसेल. अमेरिकन चॅम्पियन कंपनीने पुढे धातूच्या स्पारचे पंख काढले, आणि ते जुन्या विमानांवरही बसवता येतात. महाग आहेत, पण वाट पूर्ण बंद नाही.

सिटाब्रियाचं धड पोलादी नळ्यांचं, वरून कापड. पाणी शेपटीकडे ओघळतं आणि तिथल्या खालच्या नळ्या आतून-बाहेरून गंजतात. मेकॅनिकने टोच्याने टोचून पाहायला हवं. कापडाखाली उंदरांची घरटी सापडली तर त्यांच्या मुताने काय खाल्लंय तेही पाहा. हसण्यावारी नेऊ नका.

टेलव्हीलच्या लीफ स्प्रिंगा सपाट झाल्या असतील तर पिव्हॉटचा कोन बिघडतो आणि धावताना शेपूट थडथडायला लागते. त्याला शिमी म्हणतात. दुरुस्ती सोपी, खर्चही आवाक्यातला. फक्त भाव करताना हाताशी ठेवा. रेडिओ, गाद्या, काचेवरचे ओरखडे यांवर इथे शब्द घालवत नाही. ते सगळं पैशाने नंतर होतं.

शोध चालू ठेवलात आणि एखादं पायपर समोर आलं, जे-३ कब किंवा सुपर कब, तर आधी पंखाच्या स्ट्रटबद्दल विचारा. जुने स्ट्रट आत पाणी साचून आतून गंजतात आणि बाहेरून चकचकीत दिसतात. त्यांची दर २४ महिन्यांनी तपासणी करावी लागते. सीलबंद स्ट्रट बसवलेले असतील तर ती कटकट संपते. आणि जे-३ कबमध्ये एकटं उडताना मागच्या सीटवर बसावं लागतं हेही लक्षात असू द्या.

दोघांचं वजन हा विषय भागीदारीत लाजेने टाळला जातो. टाळू नका. सेस्ना १४० चं कमाल वजन १४५० पौंड. टाकी २५ गॅलनची, म्हणजे १५० पौंड पेट्रोल. नवी उपकरणं, नवा रंग, नव्या गाद्या यांनी फुगलेलं रिकामं विमान हजार पौंडांच्या आसपास निघालं, तर भरल्या टाकीने दोन माणसांसाठी आणि सामानासाठी ३०० पौंड उरतात, साधारण १३५ किलो. तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून किती? सिटाब्रियाचं कमाल वजन १६५० पौंड आहे, पण त्याची टाकीही मोठी. कागदावरचं रिकामं वजन शेवटचं कधी प्रत्यक्ष काट्यावर तोललं होतं ते विचारा. कित्येक विमानांचं वजन दशकानुदशकं फक्त बेरीज-वजाबाकी करून पुढे नेलेलं असतं.

राहिला शिकण्याचा प्रश्न. घेतलेल्या विमानावरच शिकायचा बेत बदला. आधी दुसऱ्याच्या टेलव्हीलवर, टेलव्हील शिकवण्यात मुरलेल्या प्रशिक्षकाबरोबर शिका. पैशाचा हिशेब हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण हे की टेलव्हील येत नसलेल्या माणसाला खरेदीआधीची चाचणी-फेरी वाचताच येत नाही. विमान डावीकडे ओढतंय ते चुकीच्या अलाइनमेंटमुळे, घट्ट ब्रेकमुळे, की तुमच्या पायामुळे? दहा-बारा तास शिकलात की हा फरक तुमच्या पायाला कळेल. तोवर तुम्ही मालकाच्या शब्दावर अवलंबून. बऱ्याच देशांत टेलव्हीलसाठी वेगळं प्रशिक्षण किंवा प्रशिक्षकाची सही लागते. अमेरिकेत लॉगबुकात एंडोर्समेंट लागते, युरोपात डिफरन्सेस ट्रेनिंग. तुमच्या नियामकाचा नियम आधी बघा.

शिकताना थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकवणं) आणि व्हील लँडिंग (आधी पुढची दोन चाकं टेकवणं) दोन्ही, गवतावर आणि डांबरावर दोन्ही, आणि बाजूच्या वाऱ्यात पुरेसं. गवत थोडा तिरकेपणा माफ करतं, डांबर करत नाही. निव्वळ शांत सकाळी गवतावर शिकलेल्यांना पहिल्या डांबरी धावपट्टीवर घाम फुटतो. उड्डाणाला शेपूट घाईने उचलू नका. फिरणाऱ्या प्रॉपच्या जायरोस्कोपिक परिणामाने नाक त्या क्षणी डावीकडे झटका घेतं, आणि उजवा पाय तयार नसेल तर तिथूनच गोंधळ सुरू होतो. उतरल्यावर विमान टॅक्सीच्या वेगाला आलं की नोजव्हीलचा वैमानिक पाय सैल सोडतो. तुम्ही तो इंजिन बंद होईपर्यंत सोडायचा नाही.

विम्याला आजच फोन करा, बयाण्याच्या आधी. दोघांची नावं, एकूण तास आणि टेलव्हीलचे तास, जे सध्या शून्य आहेत, ते सांगा. दोन्ही विमानांसाठी हप्ता किती, आणि एकट्याने उडण्याआधी किती तास प्रशिक्षकाबरोबर हवेत, हे लेखी मागा. ती अट तुमच्या महिन्यांच्या नियोजनाला कलाटणी देऊ शकते. मित्राबरोबर करारात एक ओळ जास्तीची घाला: ग्राउंड लूप झाल्यास विम्याबाहेरचा खर्च कुणी सोसायचा, उडवणाऱ्याने की निम्मा-निम्मा. मैत्री शाबूत असताना हे लिहून होतं.

माझा कौल सिटाब्रियाकडे आहे, पण तो कागद आणि स्पार यांवर अवलंबून आहे. खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेऊ नका. या जातीची विमानं हाताळलेला, तुमच्याकडून पैसे घेणारा वेगळा माणूस शोधा. नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे, हे त्याला उत्तर नाही. वार्षिक तपासणी विमान उडण्याजोगं आहे का ते सांगते. ते तुम्ही विकत घ्यावं का, हे सांगणं तिचं कामच नाही.

सेस्नाच्या मालकाला इतकंच कळवा: बयाणा द्यायला तयार आहोत, तो तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत मिळेल असं लेखी असेल तर, आणि आमच्या मेकॅनिकला फेरिंग आणि फरशी काढून गिअर बॉक्स पाहू देणार असाल तर. तो तयार झाला तर विमान पुन्हा यादीत घ्या, इंजिन ओव्हरहॉलला आलंय असं धरून भाव करा, आणि एफएएची फाइल हातात येईपर्यंत थांबा. नाही म्हणाला तर सिटाब्रियाच्या मालकाला फोन लावा. तो प्रॉपच्या प्रश्नाला काय म्हणतो ते मलाही कळवा.